आठ कॅटांचा ब्लॅकजॅक : कोणता काउंट शिकावा आणि कसा निवडावा

न्यू जर्सीत मराठी माणसं कमी नाहीत, आणि एडिसनहून अटलांटिक सिटी गाडीनं दीड-दोन तासांवर आहे. त्यामुळे शनिवारी पाच-सहा जणांचं टोळकं तिकडे निघणं यात नवल नाही. टोळक्यात गणित बरं असलेला एकजण असतोच, आणि कधी ना कधी तो विचारतो, "कार्ड काउंटिंग, म्हणजे निघालेले पत्ते मोजून पैज ठरवणं, शिकायचंय, कुठली पद्धत घेऊ?" मग इंटरनेटवर शोधायला बसतो आणि नावांच्या गर्दीत हरवतो: हाय-लो, नॉकआउट, रेड सेव्हन, झेन, ओमेगा टू, हाय-ऑप्ट वन, हाय-ऑप्ट टू, हाव्ह्ज.

उत्तर आधीच देऊन टाकतो. सहा किंवा आठ कॅटांच्या टेबलावर खेळणार असाल तर हाय-लो शिका. मनातल्या मनात भागाकार करायचा म्हटलं की अंगावर काटा येत असेल तर रेड सेव्हन. बाकीची नावं निदान पहिलं वर्षभर विसरा. हे उत्तर का, आणि ते अमलात कसं आणायचं, ते आता पायरीपायरीनं बघू. ब्लॅकजॅकचे नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

पहिली पायरी : पद्धतीच्या आधी टेबल निवडा

नवख्यांचा सगळा जीव पद्धतीत अडकलेला असतो. खरं तर दोन पद्धतींमध्ये जेवढा फरक असतो त्याच्या कितीतरी पट फरक दोन टेबलांमध्ये असतो. टेबलावरच्या कापडावर काय छापलंय ते बसण्याआधी वाचा. ब्लॅकजॅकला ३ ला २ मिळतात की ६ ला ५? सहा-आठ कॅटांच्या खेळात एक्का आणि दहाची जोडी साधारण एकवीस डावांत एकदा येते. तिचा मोबदला दीडपटीवरून १.२ पट झाला की खेळाडूचं जवळपास १.४ टक्क्याचं नुकसान होतं. ते कुठलाच काउंट भरून काढत नाही. ६ ला ५ दिसलं की उठा.

त्याच कापडावर डीलर सॉफ्ट १७ वर थांबतो की आणखी पत्ता घेतो हेही लिहिलेलं असतं. घेत असेल तर साधारण ०.२ टक्के आणखी गेले. ते सोसता येतं, पण हिशेबात धरा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पत्ते पिसून झाले की डीलर रंगीत प्लॅस्टिकचं कट कार्ड खोचतो. ते पेटीत, म्हणजे डीलर पत्ते वाटतो त्या डब्यात, मागून किती अंतरावर जातंय हे बघा. आठ कॅटांपैकी दीड कॅट मागे ठेवून खोचलं तर खेळण्यासारखं आहे. तीन-चार कॅट मागे राहत असतील तर काउंट करून फक्त डोकं दुखेल, कारण काउंटला अर्थ येतो तो पेटीच्या उत्तरार्धात. आणि टेबलावर सतत पिसणारं मशीन असेल, म्हणजे वापरलेले पत्ते दर डावानंतर परत त्यातच जात असतील, तर मोजायला काही उरतच नाही.

दुसरी पायरी : बेसिक स्ट्रॅटेजी

इथे जास्त बोलत नाही. तुमचे दोन पत्ते आणि डीलरचा एक उघडा पत्ता, या प्रत्येक जोडीसाठी योग्य चाल ठरलेली आहे आणि तिचा तक्ता छापील मिळतो. तो तोंडपाठ असल्याशिवाय काउंटला हात लावू नका. बऱ्या नियमांच्या टेबलावर तक्त्याप्रमाणे बिनचूक खेळलं तर कॅसिनोची धार, म्हणजे दर पैजेवरचा त्याचा सरासरी फायदा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. काउंटमधून जे कमवायचं ते एवढंसंच असतं, त्यामुळे तक्त्यातल्या चुका परवडत नाहीत. ज्याला 'सोळावर सत्ती असली तर काय करू' हे अजून आठवावं लागतं, त्याच्या डोक्यात आकडा टिकत नाही.

तिसरी पायरी : काउंट नेमकं काय मोजतो ते समजून घ्या

एडवर्ड थॉर्प हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी एमआयटीत आयबीएम ७०४ संगणकावर हिशेब मांडून दाखवलं की वापरलेले पत्ते बाजूला पडत जातात तशी उरलेल्या पत्त्यांची बाजू कधी खेळाडूकडे, कधी कॅसिनोकडे झुकते. १९६२ मध्ये हे त्यांच्या 'बीट द डीलर' या पुस्तकात आलं. पेटीत दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त उरले की खेळाडूला फायदा: ब्लॅकजॅक जास्त येतात आणि त्याचे दीडपट पैसे फक्त खेळाडूला मिळतात, दुप्पट केलेले डाव जमतात, आणि १२ ते १६ वर असलेल्या डीलरला पत्ता घ्यावाच लागत असल्यानं तो जास्त वेळा उडतो. लहान पत्ते जास्त उरले की उलटं. सगळ्यांत उपद्रवी पत्ता पंजी. ती जितकी लवकर निघून जाईल तितकं तुमच्यासाठी बरं.

दर पत्त्याला खराखुरा दशांशातला भाव देऊन मोजणं माणसाला जमणार नाही. म्हणून १९६३ मध्ये हार्वी डब्नर यांनी सोपी युक्ती मांडली, आयबीएमच्या ज्युलियन ब्राऊन यांनी तिच्यावर पुढे काम केलं, आणि तीच आजची हाय-लो. दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पत्त्याला अधिक १. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का यांना वजा १. अख्खा कॅट मोजला की बेरीज शून्यावर येते. म्हणून हिला संतुलित पद्धत म्हणतात. मात्र हिच्यात चालू आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागावं लागतं, ते पाचव्या पायरीत बघू.

कुठल्याही पद्धतीकडून दोन कामं करून घ्यायची असतात. पैज केव्हा वाढवायची हे कळायला हवं, आणि तक्त्यातली चाल केव्हा बदलायची हेही. सॅक्रामेंटोतले गणिताचे प्राध्यापक पीटर ग्रिफिन यांनी १९७९ मध्ये या दोन्ही कामांना गुण देण्याची रीत घालून दिली. पैजेच्या कामात हाय-लोला १ पैकी ०.९७, ओमेगा टूला ०.९२. चाल बदलण्याच्या कामात मात्र हाय-लो ०.५१ आणि ओमेगा टू ०.६७. नवखा माणूस हा दुसरा आकडा बघतो आणि ओमेगा टूच्या प्रेमात पडतो.

इथेच कॅटांची संख्या आडवी येते. एका कॅटच्या खेळात पाच-दहा पत्ते निघाले की चित्र पालटतं, त्यामुळे चाली बदलून बरीच कमाई होते. आठ कॅट म्हणजे ४१६ पत्ते. तिथे चित्र सावकाश हलतं आणि बहुतेक वेळ तक्त्याचीच चाल बरोबर असते. कमाई जवळजवळ सगळी होते ती बाजू पालटल्यावर मोठी पैज लावण्यातून. म्हणजे बहुकॅटी खेळात पहिला आकडा बघायचा, आणि त्यात सोपी हाय-लो अवघड ओमेगाच्या पुढे आहे.

ओमेगा टू आणि दोन्ही हाय-ऑप्ट पैजेच्या कामात मागे पडतात, कारण त्यांत एक्क्याला शून्य दिलेलं आहे. चाल ठरवताना एक्का लहान पत्त्यासारखा वागतो, पैज ठरवताना मोठ्यासारखा. ही तफावत मिटवायला एक्के वेगळे मोजत राहावं लागतं. आठ कॅटांत एक्के ३२. मुख्य आकडा एका बाजूला, एक्क्यांचा दुसऱ्या बाजूला, शेजारचा पाहुणा विचारतोय 'व्हेअर आर यू फ्रॉम', आणि वेट्रेस ड्रिंकची ऑर्डर घ्यायला उभी. भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

चौथी पायरी : तीन पर्याय आणि त्यांतला तुमचा

हाव्ह्ज ही पद्धत पैजेच्या कामात ०.९९ गुण मिळवते, म्हणजे कागदावर सर्वांत सरस. पण तिच्यात पंजीला दीड, दुर्री आणि सत्तीला अर्धा, नव्वीला वजा अर्धा असे भाव आहेत. हाय-लोच्या ०.९७ वरून ०.९९ वर जायला एवढी मेहनत, आणि तासाभरात एखादी चूक झाली तरी तो फायदा पाण्यात. नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

उरलेल्यांत नवख्यानं बघायच्या तीन: हाय-लो, नॉकआउट आणि रेड सेव्हन.

नॉकआउट १९९८ मध्ये वँकुरा आणि फुक्स यांनी लोकांपुढे आणली. हाय-लोचेच भाव, फक्त सत्तीलाही अधिक १. त्यामुळे कॅटची बेरीज शून्यावर न येता अधिक ४ वर येते, म्हणजे पद्धत असंतुलित. फायदा असा की भागाकार करावा लागत नाही. आठ कॅटांसाठी सुरुवात वजा २८ पासून करायची आणि आकडा वजा ६ झाला की पैज वाढवायला लागायचं. ऐकायला झकास. पण मी हा वजा ६ कागदावर तपासून बघायला सांगेन. पेटीत सहा कॅट उरलेले असताना वजा ६ म्हणजे दर कॅटमागे खरा झुकाव (उरलेल्या प्रत्येक कॅटमागे मोठे पत्ते किती जास्त आहेत तो आकडा) सुमारे अधिक २.३. चार उरले असताना तोच आकडा दाखवतो अधिक १.५. आणि दोनच उरले असताना? वजा १! म्हणजे सुरुवातीला पद्धत तुम्हाला उशिरा उठवते आणि शेवटी शेवटी कॅसिनोची बाजू असताना पैज वाढवायला लावते. कॅट जितके जास्त तितका हा दोष ठळक. दोन कॅटांच्या खेळात नॉकआउट छान चालते, आठ कॅटांत मला ती पटत नाही.

रेड सेव्हन आर्नल्ड स्नायडर यांची, १९८३ मधली. हाय-लोच, पण लाल सत्तीला, म्हणजे बदाम आणि चौकटच्या सत्तीला, अधिक १. इस्पिक-किल्वरची सत्ती शून्य. कॅटची बेरीज अधिक २. आठ कॅटांना वजा १६ पासून, सहा कॅटांना वजा १२ पासून सुरुवात करायची. आकडा शून्यावर आला की दर कॅटमागचा झुकाव बरोबर अधिक २ असतो, मग पेटीत सहा कॅट उरलेले असोत की दोन. आणि अधिक २ हीच पैज वाढवण्याची जागा. शून्याच्या वर गेलात की पैसे लावा, खाली आहात तोवर किमान पैज. बदाम सात खेळून मोठे झालेल्यांना सत्तीचा रंग बघायची सवय लागायला वेळ लागत नाही.

मग निवड कशी करायची? स्वतःची एक परीक्षा घ्या. कुणालातरी बाजूला बसवून गप्पा मारायला सांगा, आणि बोलता बोलता १२ भागिले ५, ९ भागिले ३.५, १७ भागिले ६ असली उत्तरं ढोबळ मानानं सांगून बघा. बोलणं न थांबता जमत असेल तर हाय-लो घ्या. चेहऱ्यावर गणित दिसायला लागलं तर रेड सेव्हन. पुढे-मागे गट करून खेळायचा विचार असेल तरीही हाय-लो, कारण बहुतेकांना तीच येते आणि चाली बदलण्याचे तयार आकडे सर्वांत जास्त तिच्यासाठीच उपलब्ध आहेत.

पाचवी पायरी : ट्रू काउंट हातात बसवा

हाय-लोतला चालू आकडा म्हणजे रनिंग काउंट. त्याला उरलेल्या कॅटांनी भागलं की ट्रू काउंट. एक डाव बघा. नवी पेटी, तीन खेळाडू. पहिल्याला राजा-पंजी, दुसऱ्याला छक्की-सत्ती, तिसऱ्याला एक्का-तिर्री, डीलरची उघडी दश्शी. जोड्या कापत चला: राजा-पंजी शून्य, छक्की-सत्ती एक, एक्का-तिर्री शून्य, दश्शीनं परत शून्यावर. आता पहिला पत्ता घेतो, दुर्री. दुसऱ्याला छक्की. तिसऱ्याला पंजी. आकडा तीन. डीलर झाकलेला पत्ता उलटतो, छक्की, चार. सोळा झाले म्हणून आणखी घेतो, तिर्री, पाच.

अधिक ५! नवख्याचा हात लगेच चिप्सकडे जातो. पण पेटीत अजून पावणेआठ कॅट आहेत. पाचाला पावणेआठनं भागलं तर एकसुद्धा होत नाही. पैज होती तेवढीच. उलट पेटीच्या शेवटी शेवटी, पाच कॅट संपून तीन उरलेले असताना रनिंग काउंट १२ असेल, तर ट्रू काउंट ४, आणि तुमची बाजू सुमारे दीड टक्क्यानं वर. तेच १२ सहा कॅट उरलेले असताना फक्त २.

किती कॅट उरलेत हे पेटीत डोकावून कळत नाही. वापरलेल्या पत्त्यांचा ट्रे बघायचा आणि आठातून वजा करायचे. एका कॅटची जाडी साधारण दीड सेंटिमीटर. कॅसिनोत वापरलेले कॅट अटलांटिक सिटीतल्या भेटवस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळतात. आठ घ्या. एक, दोन, अडीच, चार असे गठ्ठे करून जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि येता-जाता ओळखा. हा सराव लोक टाळतात, कारण तो कंटाळवाणा आहे. पण पत्ते बिनचूक मोजून भागाकारात दोन कॅटांची चूक करणारे अनेक असतात.

मोजण्याच्या वेगाची कसोटी ठरलेली आहे: एक कॅट हातात घेऊन तीस सेकंदांच्या आत शून्यावर पोचायचं. रेड सेव्हनमध्ये वजा २ पासून सुरू करून शून्यावर. एकेक पत्ता मोजू नका, जोड्या कापा. डोक्यात 'अधिक', 'वजा' हे शब्द म्हणत बसलात तर वेग कधीच येणार नाही.

सहावी पायरी : चाली किती बदलायच्या

थोड्याच. ब्लॅकजॅकचे अभ्यासक डॉन श्लेसिंगर यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की शेकडो बदलांपैकी अठराच महत्त्वाचे आहेत. नवख्यानं हाय-लोचे चार घ्यावेत. ट्रू काउंट ३ किंवा वर असेल तरच इन्शुरन्स घ्या, एरवी कधीही नाही. या एका बदलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. तुमचे १६ आणि डीलरचे १०: आकडा शून्याच्या वर असेल तर थांबा. तुमचे १५, डीलरचे १०: ४ ला थांबा. तुमचे १२ आणि डीलरची तिर्री: २ ला थांबा. बाकीचे चौदा नंतर.

सातवी पायरी : पैशांचा कठोर हिशेब

ट्रू काउंट एकानं वाढला की बाजू साधारण अर्ध्या टक्क्यानं सुधारते. सुरुवात कॅसिनोच्या अर्ध्या टक्क्यानं होते, म्हणून अधिक १ ला बरोबरी आणि अधिक २ ला तुमची अर्धा टक्का आघाडी. म्हणजे १०० डॉलर लावले तर सरासरी कमाई ५० सेंट. एका डावातला चढउतार मात्र सुमारे ११५ डॉलरचा. असे शंभर डाव खेळलात तर अपेक्षा ५० डॉलरची आणि चढउतार साडेअकराशेचा. अख्खी रात्र बिनचूक खेळून हजार डॉलर हरणं अगदी नेहमीचं आहे. आणि आठ कॅटांत अधिक २ किंवा वरचा आकडा दर आठ-दहा डावांत एखाद्यालाच मिळतो. बाकी वेळ तुम्ही थोडंथोडं हरत बसलेले असता.

म्हणून किमान आणि कमाल पैजेत मोठं अंतर लागतं. २५ डॉलरच्या टेबलावर एकपर्यंत २५, दोनला १००, तीनला २००, चारला ३०० अशी चढण चालेल. याला भांडवल किती? मोठ्यातल्या मोठ्या पैजेच्या शंभरपट हा ढोबळ आकडा धरला तर ३० हजार डॉलर, आणि तेही घरभाडं, हप्ते, मुलांची फी यांच्याशी संबंध नसलेले. हा आकडा वाचून बहुतेकांचा उत्साह मावळतो. मावळू दे. एवढं भांडवल नसेल तर पैजा लहान करा, किंवा करमणूक म्हणून किमान पैजेवर मोजायचा सराव करा.

आकडा वजा १ च्या खाली गेला की फोन आला म्हणून उठून जाणं हाही कमाईचाच भाग आहे. उलट, मागे उभं राहून मोजायचं आणि आकडा चढल्यावरच बसायचं, असंही करतात. मात्र बऱ्याच टेबलांवर पेटीच्या मधे बसायला मनाई असल्याची पाटी असते.

आठवी पायरी : कॅसिनो काय करू शकतो

डोक्यात मोजणं गुन्हा नाही. नेवाडात मात्र कॅसिनो मोजणाऱ्याला सरळ बाहेर काढू शकतो. न्यू जर्सीत तसं करता येत नाही: पत्ते मोजणारे नामवंत खेळाडू केन उस्टन यांनी रिसॉर्ट्‌स कॅसिनोविरुद्ध लढलेल्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये तसा निकाल दिला. म्हणून अटलांटिक सिटी शिकाऊ माणसाला बरी. पण हुरळून जाऊ नका. पिट बॉसला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, संशय आला तर तो पेटी अर्ध्यात पिसायला लावू शकतो, तुमच्या पैजेवर मर्यादा घालू शकतो. मोबाइल किंवा कुठलंही उपकरण वापरून मोजणं मात्र गुन्हा आहे. नेवाडात १९८५ पासून, न्यू जर्सीतही.

सुट्टीत घरी आल्यावर मांडवीतल्या बोटीवर हे वापरू म्हणणाऱ्यांसाठी: उस्टन निकाल गोव्यात चालत नाही. शिवाय भारतात कॅसिनोच्या चिप्स घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे. तो ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. प्रवेशाचे पैसे वेगळे. एक टक्क्याच्या धारेनं एवढा डोंगर ओलांडता येत नाही, तेव्हा तिथे जायचं तर हवा खायला जा. महाराष्ट्रात कॅसिनोचा १९७६ चा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे. तसंही सॉफ्टवेअरवर चालणारा ऑनलाइन ब्लॅकजॅक सहसा दर डावाला नव्यानं पिसला जातो, तिथे मोजायचं काय?

पहिल्यांदा खऱ्या टेबलावर बसाल तेव्हा पैज अजिबात वाढवू नका. पूर्ण पेटी किमान पैजेवर खेळा, कट कार्ड आलं की तुमचा ट्रू काउंट किती हे मनाशी म्हणा, आणि सोबत मोजणाऱ्या मित्राचा आकडा बाहेर आल्यावर ताडून बघा. सलग पाच-सहा पेट्यांत दोघांचा आकडा एकाच्या फरकात जुळला, की पुढच्या खेपेला चढण सुरू करा.